पेला धरणारं कुणीतरी

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी आम्ही विक्का हा निसर्गपूजेचा पंथ मानणारे आपल्या गेलेल्या माणसांसाठी ताट वाढतो. त्यानंतर पेल्याचा विधी असतो. एकाने पेला दोन्ही हातांत धरायचा, दुसऱ्याने सुरीचं टोक त्यात हलकेच बुडवायचं. मग दोघांनी प्यायचं. लग्न झाल्यापासून दर वर्षी पेला माझी बायको, लव्हडे, धरायची. ती या वसंतात गेली. आमच्या मंडळातली बाकीची तिच्याआधीच गेली होती. या वर्षी ताट तिच्यासाठीच वाढायचं होतं, आणि पेला धरायला कॉर्नवॉलच्या या गावात कुणी उरलं नव्हतं.

दुपारी शेजारची टॅमसिन कुंपणापाशी आली.

"जॅगोकाका, माझी तांबडी कोंबडी बघितलीत?"

"नाही गं. कोल्ह्याने नेली असेल."

"कोल्ह्याने." तिने माझ्या धुराड्याकडे बघितलं. "आज तुमचा तो दिवस ना?"

"सरळ विचार की, कापली का म्हणून."

"तसं नाही हो. पण लोक म्हणतात, सैतानाला काहीतरी लागतं."

"सैतान तुमच्या चर्चमधला. आमच्यात तो नाहीच, त्याला जेवायला कुठून घालू?"

ती हसली. "आणि झाडूवरून उडता ते?"

"माझे गुडघे बघ आधी. जिना चढवत नाही मला."

ती हसते आहे तोवर मी विचारून टाकलं. "टॅमसिन, थोडा वेळ येशील? नुसता पेला धरायचा. बोलायचं काही नाही. लव्हडे धरायची."

 टॅमसिनच्या बाळंतपणात लव्हडे रोज सूप घेऊन जायची.

"काय असतं पेल्यात?"

"सफरचंदाची दारू. घरचीच."

ऊन उतरल्यावर ती आली खरी. मी टेबलाभोवती फिरून वर्तुळ आखलं, लव्हडेच्या ताटात केशराचा पाव ठेवला. टॅमसिनने पेला उचलला. मग मी काळ्या मुठीची सुरी हातात घेतली, आणि तिची नजर पात्यावरून हलेना.

"हिला धार नाही," मी म्हणालो. "लोणीसुद्धा कापत नाही आम्ही हिने."

"हो, हो. कळतं मला."  पण तिने पेला लव्हडेच्या खुर्चीवर ठेवला. "नको, काका. घरी कळलं तर... माफ करा."

वर्तुळातून कुणी निघालं की आधी त्याला दार उघडून द्यायचं असतं. मी सुरीने हवेत दार काढलं, तशी ती आणखीच मागे सरकली आणि भिंतीला घासत निघून गेली.

पेला मी गुडघ्यांत धरला. सुरी बुडवताना थोडी दारू सांडली. पहिला घोट मातीला द्यायचा म्हणून पेला घेऊन परसात गेलो, तर लाकडांच्या ढिगामागे काहीतरी पुटपुटलं. तांबडी तिथे बसली होती, पोटाखाली अंडी घेऊन.

तिला काखेत धरून मी टॅमसिनचं दार वाजवलं. तिने आधी कोंबडीची मान उलटसुलट करून पाहिली, मग पंख उचलून पाहिले.

"बरं झालं, काका."

"अंडी तिथेच आहेत," मी म्हणालो. "उद्या ये घ्यायला."

"पाठवते कुणाला तरी."

दार लागलं. घरी लव्हडेचा पाव ताटात तसाच होता. माझा वाटा मी प्यायलो, तिच्या वाटची दारू पेल्यात उरली. तो पेला मी सकाळपर्यंत तिच्या खुर्चीवर ठेवला.