रेघ नसलेला ठिपका

कोणी कोणाचा कोड तपासला, याच्या सहा महिन्यांच्या नोंदींवरून साहेबांच्या सांगण्यावरून कंपनीतल्या तरुण प्रोग्रामरने अख्ख्या टीमचा नकाशा काढला. माणूस म्हणजे ठिपका, मदत म्हणजे रेघ. टीममधल्या सगळ्यात वयस्कर, सगळ्यांच्या काकू, त्यांच्या ठिपक्याला एकही रेघ नव्हती. त्या नोंदीत कधी काही लिहीतच नसत. अडलेला माणूस त्यांच्या खुर्चीशी जाई आणि त्या तोंडीच मार्ग काढून देत.

"ही बाई फुकट जागा अडवून बसलीय," साहेब म्हणाले.

"सगळे त्यांनाच विचारतात, साहेब."

"नोंद दाखव."

नोंद कुठेच नव्हती. नकाशाचा प्रोग्राम अडला, तेव्हा तोही काकूंकडेच गेला होता.

संध्याकाळी ओळखपत्र जमा करून काकू त्याच्यापाशी थांबल्या. "चालला ना रे तुझा प्रोग्राम?"

"चालला, काकू."

"बरं झालं बाई," म्हणत त्या मनापासून हसल्या.