पाहुण्यांचा सोफा

विद्यापीठाची अभ्यासिका एका सॉफ्टवेअर कंपनीला प्रशिक्षणासाठी दिली, तेव्हा वाशीमहून शिकायला आलेल्या नम्रताची पंचाईत झाली. धायरीतल्या तिच्या खोलीत पाच मुली राहत. पुस्तक पसरायलाही जागा नव्हती. ती सरळ मुख्य कार्यालयातल्या सोफ्यावर जाऊन वाचत बसली.

"हा सोफा पाहुण्यांसाठी आहे," अधिकारी खेकसले.

"पाहुणे आले की उठते, सर."

पाहुणे आले. नम्रता उठली आणि तिथेच फरशीवर मांडी घालून वाचू लागली. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती तीस जण पुस्तकं घेऊन बसले. अधिकाऱ्यांना वाट काढत केबिन गाठावी लागली.

आठवड्याभरात त्यांनी बंद सभागृह उघडून दिलं.

"फक्त परीक्षेपुरतं हं!"

"परीक्षा दरवर्षी असते, सर," नम्रता म्हणाली.