वरून आलेली परवानगी

जावयाच्या कौतुकाने आमच्या कारखान्याचं जे वाटोळं केलं, ते आगीनेही केलं नसतं. मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. कोइंबतूरच्या या पंपांच्या कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर मी सांभाळते. या वळर्मतीचा आवाज चढला की कॅन्टीनमध्ये ऐकू येतो, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

आमच्याकडे सगळं काम एका मोठ्या फोल्डरमध्ये असतं. त्याच्या पोटात विक्री, खरेदी, गेट, डिझाइन असे लहान फोल्डर. मोठ्या फोल्डरवर ज्याचं नाव लावाल त्याला खालचं सगळं आपोआप उघडतं. प्रत्येकाला आपला फोल्डर सापडावा म्हणून तिथे कारखान्यातल्या सगळ्यांचीच नावं आहेत, निदान वाचण्यापुरती. मग डिझाइन झाकायचं कसं? त्या फोल्डरचा वरच्या फोल्डरशी असलेला संबंध मी मुद्दाम तोडून ठेवला होता. तिथे नावं दोनच. एक मुदलाळींचं, म्हणजे आमचे मालक दुरैसामी यांचं. दुसरं तेन्मोळीचं. बोअरवेलच्या नव्या पंपाची ड्रॉइंग ही पोरगी दोन वर्षं करत होती.

आयुधपूजेला आम्ही लेथपासून कीबोर्डपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लावतो. त्या दिवशी मुदलाळी नव्या जावयाला, नंदगोपालला, घेऊन थेट माझ्या टेबलाशी आले.

"वळर्मती, यांचं नाव सगळ्यात वर लाव. मुहूर्त टळायच्या आत."

"लावते. पण डिझाइन बंदच राहील, मुदलाळी."

"घरच्या जावयाला कसलं बंद?"

"घरचे असले तरी कारखान्यात आजच आलेत ना?"

"तू आधी नाव लाव गं बाई. भांडण उद्या कर."

मी सगळ्या अधिकारांसकट नाव लावलं, पण डिझाइनला हातही लावला नाही. तेवढ्यात दृष्ट काढायला दारात कोहळा फोडायचा म्हणून सगळ्यांना हाक आली. "तुम्ही व्हा पुढे," म्हणत जावईबापू माझ्याच खुर्चीत बसले. परत येऊन बघते तर माझ्या कीबोर्डवर प्रसादाचे चुरमुरे सांडलेले. मी दिवसभर त्या चुरमुऱ्यांवरून चिडचिड केली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तेन्मोळीचा पंप दुसऱ्याच कंपनीच्या नावाने बाजारात आला. तोच आकार, तीच पाती, रंग तेवढा वेगळा. मुदलाळींनी हिशोब केला: 'डिझाइन दोघांनाच उघडतं, त्यातला एक मी, मग चोर कोण?' मला विचारायचीही तसदी घेतली नाही. दुपारची पाळी सुटताना, सगळ्यांच्या देखत, गेटवर तेन्मोळीची पर्स टेबलावर उपडी केली. डबा, कंगवा, औषधाच्या गोळ्या. सापडलं काहीच नाही, तरी तिला घरी पाठवलं. चोर म्हणून बाहेर पडलेल्या पोरीला या गावात दुसरा कुठला पंपवाला दारात उभं करणार होता?

माझं डोकंच फिरलं. मी सर्व्हरवर जाऊन डिझाइनचा फोल्डर तपासला. मी तोडलेला संबंध परत जोडलेला. वरची सगळीच्या सगळी नावं खाली उतरलेली. आणि ते झालं कधी? आयुधपूजेच्या दिवशी, माझ्या कॉम्प्युटरवरून.

मंगळवारी मी तेन्मोळीला बोलावून घेतलं. मुदलाळी आणि जावईबापू गेटवर गाडीतून उतरत होते, तिथेच त्यांना अडवलं.

"केबिनमध्ये ये," मुदलाळी म्हणाले.

"नाही. पर्स इथे उपडी केलीत, तर बोलणंही इथेच होईल."

पाळी बदलायची वेळ होती. माणसं थांबायला लागली. गेटच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, आलेला पाहुणा त्यावर स्वतःच नाव-गाव टाइप करतो. वॉचमन आरोक्यमला मी म्हटलं, "डिझाइनचा फोल्डर उघड."

"मी? मला कुठला उघडतोय, अक्का?"

"उघड तर."

त्याने भीतभीत क्लिक केलं. पंप पडद्यावर आला. अख्खा, पात्यांच्या मापांसकट. आरोक्यमने हात असा मागे घेतला, जणू चटका बसला.

"आलेला प्रत्येक डीलर, प्रत्येक भंगारवाला या खुर्चीत बसून गेलाय," मी म्हटलं. "आता सांगा, दोघांनाच उघडतं?"

"हे केलं कोणी?" मुदलाळींनी विचारलं.

"मामा, ते माझ्या नावाने उघडत नव्हतं," नंदगोपाल फोनमधून मान वर न काढता सासऱ्यांना म्हणाला. "खाली एक टिक होती, वरचं सगळं खाली लागू करा म्हणून. ती केली. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! माझ्या हातात त्या वेळी कोहळा असता तर मी तिथेच फोडला असता.

मुदलाळींचा चेहरा उतरला. मला बाजूला घेत ते हळूच म्हणाले, "इथल्या इथे बंद कर. आरडाओरडा नको. जावई आहे."

"इथून, डिझाइनमधून, त्यांचं नाव निघत नाही, मुदलाळी. वरून आलंय. संबंध मी परत तोडीन, पण वर त्यांचं नाव आहे तोवर ते परत टिक करतील. वरूनच काढायला हवं. आणि ते तुम्ही सांगितल्याशिवाय मी करणार नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं. "आत्ता राहुकाळ आहे. नंतर बघू."

तेन्मोळी पुढे आली. "मला हाकललंत तेव्हा राहुकाळ बघितला होता का?"

मुदलाळी जमिनीकडे बघत पुटपुटले, "चूक तुझी नव्हती, पोरी."

"मला ऐकू आलं. त्यांना नाही आलं." तिने पाळीच्या माणसांकडे हात केला.

मुदलाळी तिकडे वळले. "तेन्मोळीने चोरी केलेली नाही. दार आमच्याच घरातून उघडं राहिलं."

"मामा!" नंदगोपाल ओरडला. फोन पहिल्यांदाच खाली गेला.

"नाव काढ, वळर्मती," मुदलाळी म्हणाले.

मी राहुकाळातच वर गेले आणि नाव काढलं. तेन्मोळी माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. पर्स तिने अजून छातीशी घट्ट धरली होती.