पहिला वाटा

बैलाचं शेपूट विस्तवात टाकलं की आधी ते सैल पडतं, केस जळून जातात, मग वरच्या बाजूची शीर आखडू लागते आणि टोक हळूहळू उचललं जातं. टोक वर गेलं की लोक म्हणतात, देवी प्रसन्न आहे. आर्खिप्पा हेरा देवीच्या देवळाची पुजारीण झाली त्याला आता बरीच वर्षं झाली होती, आणि टोक वर गेलं नाही असं तिने एकदाही पाहिलं नव्हतं. दुष्काळाच्या वर्षी गेलं होतं. तिचा नवरा समुद्रात बुडाला त्या वर्षीही गेलं होतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आजही टोक वर गेलं आणि जमावातून समाधानाचा हुंकार उठला. देवळाचा खाटीक स्कोपास याने बैलाचं काळीज आणि गुर्दे लोखंडी सळयांवर ओवले आणि निखाऱ्यांवर धरले. ते भाजून होईपर्यंत आर्खिप्पाला वेळ होता. त्यापुढे नाही.

कॉर्किरा बेटावरच्या लोकांचे पूर्वज समुद्रापलीकडच्या कॉरिंथ शहरातून आले होते, तिथल्या चुलीतला विस्तव मडक्यात जपून घेऊन. म्हणून बळीच्या मांसातला पहिला वाटा कॉरिंथच्या माणसाला द्यायची चाल होती. पुजारणीने त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, मगच सळई विस्तवावरून उचलायची. शहरातल्या बाकी देवळांनी ही चाल केव्हाच सोडली होती. आपली जहाजं त्यांच्याहून जास्त, आपली गोदामं भरलेली, मग आधी त्यांनी का खायचं, असं लोक उघड म्हणत. उत्तरेकडच्या एपिडॅम्नस वसाहतीवर हक्क कुणाचा यावरून दोन्ही शहरांत जुंपली, तेव्हा नगरसभेने हेराच्या देवळालाही निरोप पाठवला की आता पुरे. आर्खिप्पा म्हणाली होती, "सणाच्या दिवशी बघू." पेरणीला तेच म्हणाली, कापणीलाही तेच. तिची मुलगी फिलीना कॉरिंथात दिली होती.

आणि फिलीनाचा नवरा मोलोन आज जमावाच्या पुढे उभा होता. काल दुपारी त्याचं जहाज बंदराला लागलं. जेवताना त्याने सासूपासून काही लपवलं नाही. पाण्याच्या झऱ्यावर बायका फिलीनाला जागा देत नाहीत, तिला 'ती कॉर्किरावाली' म्हणतात. "मी वाटा घेऊन गेलो तर वडील म्हणतील, तिच्या आईने आपला मान राखला," तो म्हणाला. "चारचौघांत मला डावललंत, तर ते दार लावून घेतील. तिचं इकडे येणं बंद, तुमचं तिकडे येणं बंद. नातीचं तोंडही दिसायचं नाही तुम्हाला."

तिचा मुलगा फाल्कस याने त्याच रात्री आपलं म्हणणं सांगितलं होतं. त्याला नुकतंच एका नव्या जहाजाचं कप्तानपद मिळालं होतं. "तू त्यांना मान दिलास तर माझे वल्हेकरी विचारतील, कप्तान, तुमची आई कुणाच्या बाजूची? काय सांगू त्यांना?"

स्कोपासने सळई फिरवली. "जावईबापू, दाढी पिकली की हो तुमची. कॉरिंथात काय तोंडाने पीठ मळता?"

"तुमच्या बेटाची दारू पितो ना, तिचा गुण," मोलोन म्हणाला. मागच्या रांगेतले दोघेचौघे हसले.

फाल्कस हसला नाही. "दाजी, अगदी पुढेच येऊन उभे राहिलात. फार भूक लागली वाटतं?"

"माझी जागा ठरलेली आहे. तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबांना दिलेली."

"आजोबांकडे मासे धरायची होडी होती. आता खाली बंदरात बघून घ्या काय काय आहे ते."

"बघितलं. म्हणूनच विचारतो, एवढी जहाजं आहेत तर एका सळईसाठी जीव का जळतो तुमचा?"

"मग तुमचा का जळतो?"

"भांडा, पोटभर भांडा," स्कोपास म्हणाला. "देवीला नुसती हाडं अन् चरबी मिळते, ती कधी कुरकुर करत नाही. कुरकुर सगळी खाणाऱ्यांची."

चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून चर्र वाजला. आर्खिप्पा मोलोनकडे वळली. आवाज तिने हळू ठेवला होता.

"जावईबापू, एक विचारते. कॉरिंथात जहाजं सज्ज होताहेत म्हणतात. तुम्ही त्यांत चढणार का?"

मोलोनने निखाऱ्यांकडे पाहिलं.

"सांगा की दाजी," फाल्कस म्हणाला.

"चढणार," मोलोन म्हणाला. "माझं नाव पुकारलंय. ढाल-भाला घेऊन."

"आज वाटा मिळाला तरी?"

"मिळाला तरी. मी मागे राहिलो तर त्या घरात फिलीनाला कोण विचारील, आई?"

तिने मुलाकडे पाहिलं. "आणि तू? वाटा नाही दिला, तर तू घरी राहशील?"

"अगं, लढाई होतच नाही. आपली जहाजं लांबून दिसली तरी ते माघारी फिरतील."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसं खरंच वाटत होतं, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. इतके महिने ती या मांसाच्या तुकड्याला वजन आहे असं धरून चालली होती. इकडे टाकला तर हे पारडं झुकेल, तिकडे टाकला तर ते. त्याला वजनच नव्हतं. दिला तरी हे दोघे समुद्रावर समोरासमोर येणार होते, नाही दिला तरी येणार होते. कॉरिंथात मात्र लोक म्हणणार, बघा, त्यांची पुजारीणसुद्धा आपल्याला थोर मानते, आणि ते ऐकत हा जावई जहाजात चढणार.

मोलोन खोटं बोलला असता तर तिने वाटा दिला असता. फिलीना लहानपणी याच वेदीशी उभी राहून गुर्द्याचा तुकडा चटके सोसत खायची, बोटं फुंकायची, पुन्हा हात पुढे करायची. ते आठवून तिने डोळे मिटून दिला असता. पण तो खरं बोलला होता. आता डोळे मिटायची सोय उरली नव्हती. तिच्या मुलावर भाला रोखणाऱ्या हातात देवीच्या नावाने अन्न ठेवायचं, की लेकीचं दार आपल्या तोंडाने बंद करायचं, एवढंच राहिलं होतं.

"बाई, झालं," स्कोपास हळूच म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "आणखी ठेवलं तर करपेल. नाव घ्या."

मोलोनने रिवाजाप्रमाणे उजवा तळहात पुढे केला. चेहऱ्यावर विनवणी नव्हती. फाल्कस जमिनीकडे बघत होता. मागच्या रांगेतली माणसं टाचा उंचावून ऐकू लागली.

आर्खिप्पाने डोक्यावरचं वस्त्र सारखं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, देवळातल्या तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"पहिला वाटा कॉर्किराचा. कॉरिंथला वाटा नाही."