कपिल बर्फावर बसतो

कॅनडात एटोबिकोला राहणाऱ्या कपिल थूलने डोंगर चढायचं ठरवलं तेव्हा त्याने आधी डोंगर पाहिला नाही, दुकान पाहिलं. तीन वीकेंड तो आणि त्याची बायको कोमल आउटडोअरच्या सामानात हिंडत होते. बुटांना बांधायचे पोलादी काटे आले, घडीच्या काठ्या आल्या, वारा आत न येऊ देणारी पँट आली. कपिल इन्शुरन्स कंपनीत रिस्क अ‍ॅनालिस्ट होता आणि आंबेडकर असोसिएशनचा अध्यक्ष. दोन्ही कामं बसून करायची. चाळिशीच्या आत एक शिखर करणार, असं त्याने असोसिएशनच्या ग्रुपवर जाहीर केलं, आणि एकशे बारा जणांनी त्याला अंगठा दाखवला.

आईला न्यावं लागलं. ती व्हिजिटर व्हिसावर आली होती आणि तिला फ्लॅटमध्ये एकटं ठेवायला त्याचं मन होईना. इंदुमतीबाई त्रेसष्ट वर्षांच्या, वर्ध्याच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या स्टाफ नर्स. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी तीन मजल्यांचे जिने चढण्यात घालवली होती, कारण लिफ्ट लावली होती पण चालू झाली नव्हती. कपिलने त्यांची सोय पायथ्याशी, नदीकाठी केली. फोल्डिंग खुर्ची, थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखट पुऱ्या.

चार तास विमानाने जाऊन गाठलेला अल्बर्टातला तो डोंगर, माउंट ग्रिम्सबी, कुणा ब्रिटिश साहेबाच्या नावाचा. साहेब आयुष्यात इकडे फिरकला नाही, असं पाटीवरच लिहिलं होतं. इंदुमतीबाई म्हणाल्या की आपल्याकडचा आमदार निदान नारळ फोडायला तरी येतो.

खुर्चीत त्या दहा मिनिटं बसल्या. नदी राखाडी, गार आणि अतिशय घाईत होती. मग त्यांनी खुर्ची घडी करून गाडीत टाकली, सलवार-कमीजवर कोमलचं जुनं जॅकेट चढवलं आणि दोघांच्या मागे चालायला लागल्या. कपिलने त्यांना सेफ्टीबद्दल बरंच समजावलं. त्या ऐकत ऐकत त्याच्या पुढे निघून गेल्या.

दोन तासांनी वाट फुटली. डावीकडून दगडांतली वळणावळणाची पायवाट वर जात होती आणि समोर बर्फाचा सरळ उतार, जुलैतही न वितळलेला. तिथे डोरीन नावाची सत्तरीची एक कॅनेडियन बाई सफरचंद खात बसली होती. ती जवळच्या गावात राहायची आणि आठवड्याला एक डोंगर चढायची. तिने सांगितलं की सगळे डावीकडून जातात. कपिल म्हणाला, आय हॅव द इक्विपमेंट.

काटे बांधून तो बर्फावर चढला. साठेक पावलं छान गेली. मग त्याने मागे वळून पाहिलं. उतार काही फार मोठा नव्हता, खाली सपाट बर्फाचं मैदानच होतं, पण कपिलला ते पटलं नाही. तो चारही पायांवर आला, दोन्ही हात मनगटापर्यंत बर्फात खुपसले आणि तसाच राहिला. कोमलने खालून विचारलं, व्हिडिओ चालू ठेवू का. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो वर जाईना, खाली येईना.

डोरीन बुटाच्या टोकांनी बर्फात पायऱ्या पाडत वर गेली, आणि त्याच पायऱ्यांवरून इंदुमतीबाई. डोरीनने त्याच्या बुटांचे काटे सोडवले. घसरताना ते अडकले तर पाय मोडतो, असं तिने सांगितलं. मग बसून कसं घसरायचं ते दाखवलं आणि स्वतः सर्रकन खाली पोचली. कपिल म्हणाला की त्याला हे जमणार नाही, हेलिकॉप्टर बोलवा.

इंदुमतीबाई त्याच्या शेजारी बर्फावर बसल्या.

"काहून रडून राहिला?"

"रडत नाहीये मी."

"बरं. बस मग. नुसता बस."

तो कसाबसा बसला. त्या त्याच्या मागे सरकल्या, स्कूटरवर बसतात तशा, आणि त्याच्या पोटाभोवती हात घातले. तीन म्हटलं की निघायचं, असं ठरलं. पण दवाखान्यात त्यांनी तीनपर्यंत वाट पाहून कुणाला इंजेक्शन दिलं नव्हतं. 'एक' म्हणतानाच त्यांनी टाचेने रेटा दिला.

खाली पोचेपर्यंत अध्यक्षांनी जे शब्द उच्चारले ते असोसिएशनच्या कुठल्याही ठरावात बसले नसते. पँट मागून सीटभर उसवली होती आणि आत खरचटलं होतं. कोमल इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. इंदुमतीबाई उठल्या, कपडे झटकले, पुन्हा वर गेल्या आणि एकट्याच घसरत आल्या. मग डोरीनने शिखराकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या, आणि दोघी डाव्या वाटेने निघाल्या. कपिल नको म्हणेपर्यंत त्या दुसऱ्या वळणावर होत्या.

चार तास तो कमरेला जॅकेट बांधून नदीकाठी बसला. इंदुमतीबाई परत आल्या तेव्हा नाक सोललेलं, ओठ फुटलेले. कोमलने विचारलं की आई, वर काय आहे?

"दगड आहेत. वारा आहे. लघवीला जागा चांगली आहे, कोणी पाहत नाही." बूट काढून त्यांनी पाय नदीत घातले आणि लगेच बाहेर काढले.

कपिलने एक दगड उचलून नदीत टाकला. मग म्हणाला, "आई, मला खूप भीती वाटली."

"वाटणारच. उंच होतं ते," त्या म्हणाल्या, आणि पुरीचा डबा त्याच्याकडे सरकवला.

डोरीनने गुरुवारी दुसऱ्या डोंगराचं आमंत्रण दिलं. परतीचं विमान मंगळवारचं होतं. कपिलने आईचं तिकीट पुढच्या रविवारचं करून घेतलं आणि तिला डोरीनच्या घरी सोडलं. बीपीच्या गोळ्यांची पिशवी दिली तेव्हा दोघी टेबलावर नकाशा पसरून बसल्या होत्या. इंदुमतीबाईंनी वर न बघताच ती घेतली.

कॅल्गरीहून विमान उडालं तेव्हा कपिल सीटवर एका कुशीवर बसला होता. खाली डोंगर दिसतात म्हणून कोमलने त्याला हलवलं, पण तो झोपला होता.