चांदीवरची साय

मित्रांनो, माझ्या गालावर ओरखडे आहेत, आणि ते माझ्या जन्माच्याही आधीचे आहेत. हसू नका, खरेच सांगतो. मी एक जुना अर्धा डॉलर आहे, चांदीचा. गाव फिलाडेल्फिया, साल १७९५.

त्या काळी टांकसाळीत चांदीची प्रत्येक कोरी चकती आधी तोलली जाई. हलकी भरली तर परत मुशीत, जड भरली तर कानशीखाली. मला तोलणाऱ्या बाईने पारड्यात टाकले, पारडे खाली गेले आणि तिने माझ्या अंगावर कानस फिरवली. मग मला दोन ठशांमध्ये ठेवून दाबले. एका बाजूला मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी उमटली, दुसऱ्या बाजूला गरुड. दाबाखाली कानशीच्या बहुतेक रेघा मिटल्या. देवीच्या गालापाशी मात्र धातू ठशाच्या खोल तळापर्यंत पोचला नाही, आणि तिथल्या रेघा तशाच राहिल्या. त्या जखमा नव्हेत. मी वजनात खोटा नाही, याची ती खूण आहे.

पुढे मी खूप फिरलो. मिठाच्या पोत्यांसाठी गेलो, घोड्याच्या नालांसाठी गेलो, नावाड्यांच्या ओल्या मुठीत राहिलो. देवीच्या केसांच्या बटा हळूहळू झिजल्या. नंतर कोणीतरी मला एका लाकडी खणात ठेवले आणि विसरून गेले.

विसरले गेल्याचे मला दुःख झाले, पण त्याच अंधारात मला एक दागिना मिळाला. हवेत गंधकाचा अंश असतो. चुलीच्या धुरात असतो, जुन्या कागदात असतो. चांदी तो सावकाश ओढून घेते आणि दुधावर साय धरावी तसा अंगावर एक पातळ थर धरते. माझ्या मध्यभागी राखाडी रंग आला, कडेला निळसर, अक्षरांच्या कोपऱ्यांत तांबूस. ही साय घाईने आणता येत नाही. म्हणूनच ती अखंड दिसली की जाणकार म्हणतो, या नाण्याला कोणी छेडलेले नाही, हे मूळ आहे.

असे म्हणणारा पहिला माणूस मला भेटला तो एल्वुड. सस्क्वेहॅना नदीकाठच्या एका गावात तो रेल्वेची इंजिने दुरुस्त करी. तो मला कडेने धरी, दिव्याखाली तिरपे करी, आणि माझ्यावर श्वाससुद्धा पडू देत नसे.

गावातल्या अग्निशमन दलाच्या सभागृहात नाणी जमवणाऱ्यांचे मंडळ भरत असे. एकदा एल्वुडने मला तिथे नेले. मर्ल नावाच्या त्याच्या जुन्या दोस्ताने भिंग लावले आणि तो मोठ्याने हसला.

"एल्वुड, तुझ्या देवीची दाढी कोणी केली रे? कानशीनं?"

"टांकसाळीतच केलीय ती."

"हो तर! आणि माझा ट्रकसुद्धा कारखान्यातूनच पोचे पडून आला!"

सगळे सभागृह हसले. एल्वुडने मला खिशात ठेवले, आणि पुन्हा त्या मंडळात पाऊल टाकले नाही. मी अस्सल आहे हे मला ठाऊक होते. पण नाण्याला तोंड कुठे असते?

मागच्या हिवाळ्यात एल्वुड गेला. वसंतात जिल्ह्याच्या संग्रहालयाने जुन्या नाण्यांची एक पेटी मांडायचे ठरवले. अट एकच होती. नाणे मूळ रूपातले हवे. ज्याचे नाणे, त्याचे नाव खाली लिहिणार होते. एल्वुडच्या बायकोने, अर्लीनने, ते ऐकले आणि त्या दिवसापासून तिला दुसरे काही सुचेना. एल्वुडचे नाव त्या काचेखाली लागावे, आणि मर्लने ते वाचावे. परीक्षेसाठी फिलाडेल्फियाहून कॉन्स्टन्स रीड नावाच्या बाई येणार होत्या. घर दाखवायला संग्रहालयाने मर्ललाच त्यांच्यासोबत पाठवले होते.

एल्वुडने अर्लीनला माझ्याविषयी सगळे सांगितले होते. एकच गोष्ट सांगितली नव्हती, कारण ती कोणाला सांगावी लागेल असे त्याला कधी वाटलेच नाही.

त्या घरात पाहुणे यायचे म्हटले की सकाळी चांदी घासली जाई. अर्लीनच्या आईच्या घरीही तेच, आजीच्या घरीही तेच. तिने चमचे घासले, कॉफीची किटली घासली, तसबिरीची चौकट घासली. मग खण उघडला.

"अगं बाई, किती काळवंडलंय हे!" ती मला म्हणाली. "अशा कळकट तोंडानं पाहुण्यांपुढे बसवू होय तुला? एल्वुड काय म्हणेल मला?"

सोड्याचा ओला लगदा माझ्या अंगावर पडला. फडके गोल गोल फिरू लागले. मित्रांनो, मला दुखले नाही. धातूला दुखत नाही. पण आधी निळी कड गेली, मग कोपऱ्यांतला तांबूस रंग गेला, आणि मी थांब म्हणू शकलो नाही. ती एल्वुडचे आवडते गाणे गुणगुणत होती. मला सर्वांत कठीण गेले ते हे, की त्या हातांत नुसती माया होती.

दुपारी पाहुणे आले. टेबलावर काकवीचा केक होता, आणि शेजारी मऊ कापडावर मी, आरशासारखा. कॉन्स्टन्सबाईंनी मला कडेने उचलले आणि दिव्याखाली फिरवले. मग त्यांनी भिंग मर्लपुढे धरले.

"गालावरच्या रेघा बघा. बटांपाशी येऊन संपतात. नंतर कोणी कानस मारली असती तर रेघ बटांवरूनही गेली असती आणि धातू उचकटला असता. इथं देवी रेघांच्या वर बसलीय. या टांकसाळीतल्याच आहेत."

मर्लने पाहिले. पुन्हा पाहिले. "म्हणजे एल्वुडचंच खरं होतं," तो हळूच म्हणाला.

"ऐकलंस ना?" अर्लीन उठून उभी राहिली. "काढ ती टोपी डोक्यावरची! माझ्या नवऱ्याला हसला होतास!"

मर्लने खरोखरच टोपी काढली.

"अर्लीन," कॉन्स्टन्सबाई म्हणाल्या, "हे घासलं कधी?"

"आज सकाळीच. बघा ना, कसं लख्ख निघालंय!"

मर्लने कप खाली ठेवला. अर्लीन एकदा त्याच्याकडे बघे, एकदा बाईंकडे.

"झिजेच्या मानानं दर्जा चांगला आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "बऱ्याच बटा शाबूत आहेत. नाणं अस्सल आहे, यात शंकाच नाही. पण वरचा मूळ थर गेला. फडक्याच्या बारीक रेघा सगळीकडे आहेत. पेटीत नाही ठेवता येणार."

"अहो बाई, कालपर्यंत होता तो थर!" मर्ल एकदम म्हणाला. "मंडळात मी पाहिला होता, या डोळ्यांनी. राखाडी, कडेला निळा. मी साक्ष देतो, शपथेवर देतो!"

"माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण काचेपुढे उभ्या राहणाऱ्याला नाणं दिसतं, साक्ष दिसत नाही."

"परत येईल ना तो रंग?" अर्लीनने विचारले. "मी आता हात नाही लावणार. खणात ठेवीन."

"येईल. पण तो आजपासूनचा असेल."

पाहुणे गेल्यावर अर्लीनने मला उचलले. कडेने नाही, आख्ख्या मुठीत. तिचा अंगठा देवीच्या गालावर घट्ट दाबलेला होता, आणि कितीतरी वेळ तिने तो उचलला नाही. तू एल्वुडला खरा ठरवलेस, एवढे तरी तिला सांगावे असे मला फार वाटले. सांगता आले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा प्रत्येक डाग मळ नसतो. आम्हांला ओरडता येत नाही, म्हणून फडके उचलण्याआधी जाणत्या माणसाला एकदा विचारा. आणि तुम्ही जे जपता ते कसे जपायचे, हे घरातल्या माणसांना वेळेवर सांगून ठेवा.

मी पुन्हा खणात आहे. बोटांच्या घामाने चांदी लवकर रंगते. देवीच्या गालावर अर्लीनच्या अंगठ्याचा ठसा पिवळसर उमटू लागला आहे, बारीक वळ्यांसकट. उद्या एखादा जाणकार त्याला दोष म्हणेल, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच असेल. माझी विनंती इतकीच आहे, की तो ठसा कोणी पुसू नये.