पान एकशे एकोणीस

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५. सकाळी थोडं धुकं, दुपारी कोरडं ऊन. वारा पडलेला, खिडकीचा पडदा हलत नव्हता.

मी एक रहस्यकादंबरी बोलतेय. एकशे शहाण्णव पानांची, पुठ्ठा बांधणीची, कडा झिजलेली. त्या दुपारपासून मला भीती वाटते. ती सांगितल्याशिवाय माझी पानं नीट मिटत नाहीत.

माझी पहिली वर्षं पालघरच्या एका वाचनालयात गेली. लोक मला सात दिवसांसाठी नेत आणि तिसऱ्याच दिवशी परत आणत. "हातातून सुटतच नाही हो," असं म्हणत. त्याचा मला फार गर्व होता. पुढे कपाटात नवी पुस्तकं आली, माझ्यावर 'रद्द' असा शिक्का बसला आणि बोईसर स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून झुंबरने मला उचललं.

झुंबर बीडकडचा. औद्योगिक वसाहतीत सुताच्या कारखान्यात कामाला. त्याने मला बायकोसाठी, रूपालीसाठी आणलं. सरावलीच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या आहेत. रूपाली सकाळी कामगारांचे अकरा डबे करते. डबे गेले की क्रोशाची सुई हातात घेते. तोरणं, रुमाल, फ्रिजवरचं जाळीचं कापड. हा तिचा छंद. बोटं आखडली की सुई ठेवते आणि वाचते. तिची आवडती पुस्तकं तीनच. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं एक, एका बाईने एकटीने केलेल्या प्रवासाचं एक, आणि मी. पक्षी ती नुसते चाळते, प्रवास कुठूनही उघडते. मला मात्र पहिल्या पानापासून वाचते. त्या दुपारी ती मला पाचव्यांदा वाचत होती.

तिची एक गोष्ट फक्त मला माहीत होती.

कागदाला नाक नसतं, पण वास कागदात मुरतो. माझ्यात डांबरगोळ्या आहेत, फोडणी आहे, शेजारच्या हेमांगीचे सुके बोंबील आहेत. एकदा रूपालीने मला नाकाशी धरून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग मला मिटून मांडीवर ठेवलं. करोनाच्या तापात गेलेला वास परत आलाच नव्हता. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. वास न येणाऱ्या बाईच्या हातचा डबा कोण घेईल? मोहरी ती कानाने ओळखायची, भात घड्याळाने.

"आज आमटी लागलीय का गं?" झुंबर विचारायचा.

"तुमच्या गप्पा ऐकत बसले, म्हणून लागली," ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी गॅस दोन मिनिटं आधी बंद व्हायचा.

आमच्याकडे रसायनांच्या कारखान्यांचा वास ही सगळ्यांना आपोआप कळणारी बातमी असते. ती कोणी कोणाला सांगायला जात नाही. थोडा आला तर माणसं खिडकी लावतात, फार आला तर घर सोडतात.

त्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वसाहतीतला धोक्याचा भोंगा वाजला. गेल्या महिन्यातही वाजला होता, तेव्हा तो सराव निघाला होता. "झाला यांचा सराव सुरू," रूपाली पुटपुटली आणि तिने पान उलटलं.

मग तो आला. आधी माझ्या कडांत, मग शिवणीत. गोडसर, सडका, आणि त्यामागे काहीतरी जळजळीत. असा वास माझ्यात पूर्वी कधी शिरला नव्हता. बाहेर चपला वाजल्या, कोणी खोकलं, एक दार आपटलं. रूपाली तेव्हा गोष्टीतल्या बंद दीपगृहाच्या जिन्यावर होती; तिथे पावलं वाजतात, दारं आपटतात. तिला ते आवाज माझ्यातलेच वाटले असावेत.

ठेव मला, मी म्हणत होते. ऊठ. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मी कंटाळवाणी असते तर! पण ती खोकली, घोटभर पाणी प्यायली आणि पाय पोटाशी घेऊन वाचत राहिली. माझ्या एकेका ओळीने मी तिला तिथे धरून ठेवत होते.

तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. तिने ओढणीने डोळे पुसले. पुन्हा थेंब पडला. पान एकशे एकोणीस. त्या पानावर दीपगृहातल्या सामानाची यादी आहे: रॉकेलचे डबे, वाती, दोरखंड, दोन बादल्या. बाकी काही नाही. वाचनालयातले लोक ते पान ओलांडूनच पुढे जात.

रूपालीने यादी पुन्हा वाचली.

"बादल्या वाचून कशाला रडतेय मी?" ती मोठ्याने म्हणाली.

मग तिचा हात नाकाकडे गेला. तिने खिडकीबाहेर पाहिलं. गल्लीत एकही माणूस नव्हतं. ती उठली, ओढणी माठात बुडवून नाकातोंडाला बांधली आणि दार उघडलं. मी तिच्या हातातच राहिले, तिचं बोट त्याच पानात.

हेमांगी पलीकडे खुंटीची बकरी सोडत होती. तोंडाला ओला टॉवेल.

"अगो, तू हितंच? सगली कवाच गेली! मी आपली बकरीसाठी मागं आले. नाक हाय का नाय तुला?"

"नाही," रूपाली म्हणाली.

"मस्करी नको करू, बाय!"

"खरंच नाही. चार वर्षं झाली, मला वास येत नाही."

हेमांगीच्या हातात दोर तसाच राहिला. "मंग सांगायचं नाय? दार तरी वाजवलं असतं मी!" तिने रूपालीचं मनगट पकडलं. एका हातात ती, दुसऱ्या हातात बकरी. बकरी हटून बसली, तेव्हा हेमांगीने तिला शिवी हासडून खांद्यावर घेतली. मुख्य रस्त्यापर्यंत रूपाली दोनदा खाली बसली.

रुग्णालयात झुंबर कामाच्या कपड्यांतच आला. डॉक्टर विचारत होते, गळलेल्या वायूचा वास पहिल्यांदा कधी जाणवला. "जाणवलाच नाही," म्हणत तिने सगळं सांगितलं. झुंबर ऐकत उभा राहिला.

"मग फोडणी कशी करायचीस?"

"ऐकून."

"मला तरी सांगायचंस."

"तुम्ही डबे घेणाऱ्यांना सांगितलं असतं."

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "हे सोड आता हातातलं."

आता मी दोरीवर चिमट्यांत लटकते आहे. वास अजून गेलेला नाही. भोंगा वाजला की माझी पानं एकमेकांना चिकटतात. मला हातात घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: वाचा, पण शेजारच्या दाराआड कोण वाचत बसलं आहे, तेही माहीत असू द्या.

रूपालीला शनिवारी सकाळी साडेदहाला घरी सोडलं. तिने डबा घेणाऱ्या अकराही जणांना स्वतः सांगितलं. सोमवारी नऊ डबे गेले. दोन बंद झाले.